मंदी आणि अभियंत्यांचा सभासदपट

कारखानदारीवर मंदी आली म्हणजे काय होते, हे नावडे आणि तळोजा या भागातील माणसांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. तीन पाळ्यांच्या दोन होतात, मुंब्रा-पनवेल रस्त्यावरील मालमोटारींची रांग विरळ होते, कंत्राटी कामगारांना 'पुढच्या आठवड्यात या' असे सांगण्यात येते आणि फाट्यावरच्या खाणावळीतील ताटे कमी होतात. या गोष्टी कोणालाही दिसतात. परंतु मंदीचा एक परिणाम असा आहे की, तो सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. अभियंत्यांच्या ज्या व्यवसायसंस्था असतात, त्यांच्या सभासदांच्या पटावरून एकेक नाव गळू लागते. त्याची बातमी वर्तमानपत्रात येत नाही, त्यासाठी कोणी मोर्चा काढीत नाही. वर्गणी भरावयाची राहून जाते, स्मरणपत्र येते, तेही बाजूला पडते आणि वर्षअखेरीस नाव कमी होते.

अभियंत्यांच्या संस्थेत चार नावे कमी झाली तर नगरवासीयांचे काय बिघडले, असे कोणी विचारील. प्रश्न वाजवी आहे. या लेखात त्याचेच उत्तर देण्याचा आम्ही यत्न करणार आहो. त्यासाठी आधी ही संस्था म्हणजे काय, तिचा पट कशाने भरतो व कशाने रिता होतो, हे पाहिले पाहिजे.

संस्था कशासाठी?

अभियंत्यांची व्यवसायसंस्था ही कामगार संघटना नव्हे आणि मालकांचे मंडळही नव्हे. पगारवाढ मागणे हे तिचे काम नाही, मालाचे भाव ठरविणे हेही नाही. एकाच विद्येवर पोट भरणारी माणसे एकत्र यावीत, एकाला आलेला अनुभव दुसऱ्यास कळावा, नवीन शोधांची चर्चा व्हावी आणि व्यवसायाच्या नीतीचे काही नियम असावेत, हा तिचा हेतू. इंग्लंडात स्थापत्य अभियंत्यांनी १८१८ मध्ये अशी संस्था काढली. आपल्याकडे 'इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स' १९२० मध्ये मद्रासला नोंदविली गेली, १९२१ मध्ये कलकत्त्यास तिचे रीतसर उद्घाटन झाले आणि १९३५ मध्ये तिला राजसनद मिळाली. रासायनिक अभियंत्यांची अखिल भारतीय संस्था १९४७ साली, म्हणजे स्वातंत्र्याच्याच वर्षी निघाली. तळोज्यासारख्या रासायनिक कारखान्यांच्या वसाहतीला तिचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

अशा संस्थेचा प्रपंच तीन गोष्टींवर चालतो. सभासदांची वर्गणी ही पहिली, परिषदा व प्रदर्शने यांतून होणारी प्राप्ती ही दुसरी आणि नियतकालिकांची विक्री व जाहिराती ही तिसरी. यांपैकी दुसरी आणि तिसरी या दोन्ही सर्वस्वी कारखानदारांच्या थैलीवर अवलंबून असतात. वर्गणी तेवढी सभासदाच्या खिशातून येते, असा आपला समज असतो. तोही पुष्कळदा खरा नसतो, हे पुढे दिसेल.

पटावर येणाऱ्या चार वाटा

सभासद मुख्यतः चार वाटांनी पटावर येतात. पहिली वाट विद्यार्थ्यांची. महाविद्यालयात शिकत असताना अल्प वर्गणीत, किंवा एखाद्या कंपनीने खर्च उचलल्यामुळे फुकटही, विद्यार्थी सभासद होतो. दुसरी वाट कंपनीच्या खर्चाने येणाऱ्यांची. त्यांची वर्गणी, परिषदेचे शुल्क, प्रवासभाडे हे सारे कचेरीतून चुकते होते. तिसरी वाट स्वतःच्या पगारातून वर्गणी देणाऱ्यांची. चौथी आजीव सभासदांची व निवृत्तांची. त्यांनी एकदाच रक्कम भरलेली असते, किंवा त्यांना नाममात्र वर्गणी असते.

भरभराटीच्या दिवसांत या चौघांत फरक दिसत नाही. भरल्या गाड्यास सूप जड होत नाही. पण मंदी आली की एकेका वाटेचे खरे रूप उघडे पडते.

कंपनीच्या खर्चाने आलेला सभासद सर्वांत आधी जातो, आणि त्याची नोकरी शाबूत असतानाही जातो. खर्चाला कात्री लावावयाची ठरली की, हिशेबनीस ज्या बाबींवर प्रथम रेघ मारतो त्यांत परिषदा, प्रशिक्षण आणि संस्थांच्या वर्गण्या हमखास असतात. यंत्र बंद ठेवले तर दुसऱ्याच दिवशी नुकसान दिसते, वर्गणी बंद केली तर काहीच दिसत नाही. असा सभासद मनाने संस्थेचा कधी झालेलाच नसतो. कचेरीने वर्गणी थांबविली की, ती स्वतःच्या खिशातून भरावी असे त्याला वाटत नाही.

स्वतःच्या पगारातून देणारा सभासद शक्य तितका काळ टिकतो. परंतु त्याची नोकरीच गेली तर घरभाडे, मुलांची फी आणि घरकर्जाचा हप्ता यांच्या पुढे संस्थेची वर्गणी कशी टिकणार? शिवाय येथे पैशाइतकीच लाजही काम करते. काल ज्यांच्या पंक्तीला बसलो त्यांच्यात आज 'सध्या कोठे आहात?' या प्रश्नाला काय उत्तर द्यावे, या विचाराने माणूस सभेला जाणेच सोडतो. वर्गणी थकण्यापूर्वी त्याची खुर्ची रिकामी होते.

विद्यार्थ्यांची गोष्ट निराळी आहे. ते मंदीत ताबडतोब कमी होत नाहीत, कारण तेजीत प्रवेश घेतलेला मुलगा चार वर्षांनी बाहेर पडतो. त्यामुळे मंदीच्या पहिल्या वर्षात विद्यार्थी सभासदांची संख्या फुगलेलीच असते आणि एकूण आकडा फसवा दिसतो. धक्का उशिरा बसतो. एक तर ही मुले पदवी घेऊन बाहेर पडतात तेव्हा नोकरीच नसल्याने पूर्ण सभासद होत नाहीत. दुसरे म्हणजे त्यांची दशा पाहून मागची मुले त्या शाखेकडे फिरकत नाहीत. आजीव सभासद मात्र पटावर कायम असतात. त्यांच्यामुळे संस्थेची संख्या राखली जाते, तिजोरी राखली जात नाही.

तात्पर्य, केवळ एकूण संख्या पाहून संस्थेची प्रकृती कळत नाही. प्रथम परिषदेची गर्दी ओसरते, मग जाहिराती, मग वर्गणी आणि सर्वांत शेवटी विद्यार्थी. बाजार सावरल्यावरही पट काही वर्षे उतरत राहतो, याचे कारण हेच.

तेलाच्या धंद्यातील उदाहरण

हे सारे स्पष्ट दिसावे असे एक उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. मुंबईजवळच्या समुद्रात १९७४ मध्ये तेल सापडले व १९७६ पासून ते निघू लागले. उरणला त्याचा मोठा प्रकल्प उभा राहिला आणि तेल व नैसर्गिक वायू महामंडळाच्या दोन संशोधन संस्था पनवेलला आल्या. नावड्याहून पनवेल म्हणजे हाकेच्या अंतरावर. तेव्हा तेलाचा भाव चढला वा पडला की, त्याचा तरंग आपल्या परिसरातील कित्येक घरांत उमटतो. सरकारी नोकरीतील माणूस त्यात सहसा तरून जातो. विहिरी खोदणाऱ्या, यंत्रे भाड्याने देणाऱ्या, समुद्रातील बांधकामे करणाऱ्या ठेकेदार कंपन्यांतील माणूस तरतोच असे नाही.

या व्यवसायातील जागतिक संस्था म्हणजे 'सोसायटी ऑफ पेट्रोलियम इंजिनिअर्स'. खाणअभियंत्यांनी १८७१ मध्ये काढलेल्या अमेरिकन संस्थेच्या पोटातून ती वाढली, १९५७ मध्ये तिला स्वतःचे नाव मिळाले आणि १९८५ मध्ये ती कायद्याने स्वतंत्र झाली. मुंबईत तिची शाखा आहे आणि पुण्यासारख्या ठिकाणी पेट्रोलियम अभियांत्रिकी शिकणारी मुले तिची विद्यार्थी सभासद होतात. गंमत अशी की, ती स्वतंत्र झाली आणि लगेच दुसऱ्या वर्षी, १९८६ मध्ये, तेलाचा भाव पिंपामागे तीस डॉलरच्या आसपास होता तो दहाच्या घरात आला. स्वातंत्र्याबरोबरच दुष्काळातला तेरावा महिना तिच्या वाट्याला आला.

याहून बोधप्रद कथा पुढची आहे. जून २०१४ मध्ये पिंपामागे सुमारे ११५ डॉलर असलेला भाव जानेवारी २०१६ मध्ये ३० च्या खाली गेला. जगभर या धंद्यातील लाखो माणसांचे काम गेले. आणि गंमत पाहा, त्याच सुमारास संस्थेची सभासदसंख्या दीड लाखाच्या वर होती! वर सांगितलेले विद्यार्थ्यांचे गणित येथे नेमके लागू पडते. तेजीच्या वर्षांत या शाखेकडे मुलांची झुंबड उडाली होती आणि विद्यार्थी सभासद हजारोंनी पटावर होते. अमेरिकेतील महाविद्यालयांत या शाखेचे विद्यार्थी त्यानंतरच्या काही वर्षांत निम्म्याहूनही कमी झाले, आणि संस्थेचा आकडाही पुढे दीड लाखाच्या खाली उतरला. पाठोपाठ २०२० ची महामारी आली. त्या वर्षी २० एप्रिल रोजी अमेरिकेच्या वायदेबाजारात तेलाचा भाव शून्याच्याही खाली गेला, म्हणजे तेल नेण्यासाठी घेणाऱ्यालाच पैसे देण्याची पाळी आली. परिषदा भरविणे अशक्य झाले. याच वर्षी ही संस्था आणि १९१७ पासून चालत आलेली तेलभूशास्त्रज्ञांची अमेरिकन संस्था यांचे एकीकरण करावे काय, याचा विचार सुरू झाला. २०२१ मध्ये तो सोडून देण्यात आला.

या कथेतील घेण्यासारखा भाग वेगळाच आहे. नोकरी गेलेल्या सभासदाची वर्गणी माफ करण्याची सोय या संस्थेने ठेवली. ती देताना त्याला 'बेकार' असे न म्हणता 'एका कामातून दुसऱ्या कामाकडे जाणारा सभासद' अशा अर्थाचे नाव दिले. शब्दाचा हा फरक क्षुल्लक नाही. ज्या लाजेमुळे खुर्ची रिकामी होते, त्या लाजेवर तो उतारा आहे. हिशेबाच्या दृष्टीनेही यात शहाणपण आहे. गेलेला सभासद परत आणणे फार कठीण असते, असलेला टिकविणे त्या मानाने सोपे.

संस्थेने आपले क्षेत्र वाढवावे काय?

पण वर्गणी माफ केली की भागले काय? सभासदाच्या मनात याहून तिखट प्रश्न असतो. 'माझे काम गेले तेव्हा माझ्या संस्थेने काय केले? निबंध छापले?'

हा प्रश्न अमेरिकेतील विद्युत्-अभियंत्यांनी उघडपणे विचारला. त्यांच्या दोन जुन्या संस्था एकत्र होऊन १९६३ मध्ये 'आय-ट्रिपल-ई' ही संस्था झाली होती. चंद्रावर माणूस उतरला त्या १९६९ सालानंतर तेथील अवकाश व संरक्षण यांवरील खर्च आखडला आणि नामांकित अभियंतेही घरी बसले. संस्था तर केवळ विद्याविषयक, तिच्या घटनेत सभासदांच्या उपजीविकेचा विचार करण्यास जागाच नव्हती. अखेरीस १९७२ मध्ये सभासदांनी मतदान करून घटना बदलली. तेव्हापासून नोकरीतील सुरक्षितता, निवृत्तिवेतन, व्यवसायाची प्रतिष्ठा या विषयांसाठी तिच्यात वेगळी शाखा काम करू लागली. आजही बेकार सभासदाला ती वर्गणीत सवलत देते. या बदलाने ती कामगार संघटना झाली नाही. 'विद्या आणि विद्यावंत यांची पूर्ण ताटातूट करता येत नाही' एवढेच तिने मान्य केले.

आपल्या देशातही हा प्रश्न नवा नाही. १९६५-६६ चा दुष्काळ, जून १९६६ मधील रुपयाचे अवमूल्यन आणि चौथी पंचवार्षिक योजना १९६९ पर्यंत लांबणीवर पडणे, या साऱ्यांमुळे सरकारी भांडवली खर्च घटला. रेल्वेच्या वाघिणींची मागणी आटली, यंत्रसामग्रीचे कारखाने ओस पडू लागले. नेमके त्याच वेळी, आधीच्या योजनांत उघडलेल्या महाविद्यालयांतून मुले पदव्या घेऊन बाहेर पडत होती. हजारो अभियंते बेकार झाले. १९६८ मध्ये अभियांत्रिकीचे प्रवेशच कमी करण्याचा निर्णय झाला आणि कित्येक तरुणांनी अमेरिकेची वाट धरली. भरती आलेली पाहून होडी बांधावयास घ्यावी आणि ती पाण्यात लोटावी तेव्हा ओहोटी लागलेली असावी, असा हा प्रकार. व्यवसायसंस्थांचा पट हा या भरतीओहोटीचा आरसा आहे.

मात्र पटावरील प्रत्येक घट मंदीच्या माथी मारता येत नाही, हेही सांगितले पाहिजे. 'इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स' या संस्थेची 'ए' आणि 'बी' विभागांची परीक्षा उत्तीर्ण होणारास पदवीधराच्या बरोबरीचे स्थान मिळत असे. कारखान्यात नोकरी करीत रात्री अभ्यास करणाऱ्या पदविकाधारकाला ती मोठी शिडी होती. पुढे ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी केलेल्यांपुरतीच ती समकक्षता मर्यादित झाली. तेव्हा संस्थेत येण्याचे एक बळकट कारण नाहीसे झाले, त्याला बाजाराची तेजीमंदी कारण नव्हती. माणसे संस्थेत येतात ती संस्था त्यांना काही देते म्हणून. ते देणे थांबले की भर तेजीतही पट आटतो, आणि देणे चालू राहिले तर मंदीतही माणूस वर्गणीसाठी चार पैसे बाजूला काढतो.

नगरवासीयांचा संबंध

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. अभियंत्याचे नाव पटावरून गेले, तर नावड्याच्या गृहस्थाचे काय जाते?

याचे उत्तर भोपाळला मिळते. तेथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील कीटकनाशकांना पुरेसा उठाव राहिला नव्हता. कारखाना तोट्यात होता म्हणून खर्च कमी करण्यात आले. विषारी वायूच्या विभागात पाळीला १२ माणसे असत, त्यांची ६ झाली. द्रव थंड ठेवणारी शीतकरणाची यंत्रणा १९८४ च्या मध्यास बंद करण्यात आली. अनुभवी माणसे काम सोडून गेली. आणि २ डिसेंबर १९८४ च्या रात्री जे झाले ते सर्व जगाला ठाऊक आहे. त्या अनर्थाची कारणे अनेक आहेत, आणि एखाद्या संस्थेच्या सभेने तो टळला असता असे आम्ही म्हणत नाही. परंतु मंदीत काटकसरीची कात्री प्रथम देखभालीवर, प्रशिक्षणावर आणि जाणत्या माणसांवर चालते, आणि त्याची किंमत भिंतीपलीकडच्या वस्तीला द्यावी लागते, हा त्यातला धडा तळोज्यासारख्या वसाहतीशेजारी राहणाऱ्यांनी विसरता कामा नये.

अशा वेळी मालकाचे मिंधे नसलेले, पण विषय जाणणारे लोक कोठे तरी एकत्र बसत असले पाहिजेत. या झडपेची तपासणी किती महिन्यांनी व्हावी, हा वायू साठवावयाचा तर कोणती दक्षता घ्यावी, अमक्या प्रकारचा अपघात दुसरीकडे कसा घडला, हे ज्ञान माणसांच्या डोक्यात असते. माणूस विखुरला की ते ज्ञानही विखुरते. कारखाना पुन्हा सुरू होईल, यंत्रांना तेलपाणी होईल, पण ते चालविण्याची जाण ज्याच्यापाशी होती तो दोन वर्षांपूर्वी गावी जाऊन दुकान घालून बसला असेल तर? व्यवसायसंस्था हे त्या जाणतेपणाचे बियाणे राखून ठेवण्याचे कणगे आहे. दुष्काळात बियाणे खाऊन टाकणारा शेतकरी पुढच्या मृगात काय पेरणार?

काय करता येईल?

आमच्या मते चार गोष्टी करता येण्याजोग्या आहेत, आणि त्यांना फार द्रव्य लागत नाही.

पहिली ही की, काम गेलेल्या सभासदाची वर्गणी निदान दोन वर्षे माफ व्हावी, आणि ती मताधिकारासह माफ व्हावी. दया म्हणून मागच्या बाकावर बसविणे म्हणजे सभासद ठेवणे नव्हे.

दुसरी, संस्थांनी तेजीच्या वर्षांत परिषदांतून येणाऱ्या शिलकेचा काही भाग मंदीसाठी बाजूला ठेवावा. तेजीत इमारतीचे मजले चढवावयाचे आणि मंदीत दिवाबत्तीची पंचाईत व्हावयाची, हे व्यवहाराला धरून नाही.

तिसरी, सभा माणसांच्या जवळ न्याव्यात. तळोज्यातील पाळी सुटल्यावर मुंबईतील सभेला पोचणे कठीणच. नावडे, कळंबोली, पनवेल येथे एखाद्या शाळेच्या वर्गात महिन्यातून एक संध्याकाळ पुरे. लहान कारखान्यांतील अभियंते आणि पदविकाधारक पर्यवेक्षक या संस्थांपासून बहुधा दूर असतात, आणि मंदीचा पहिला तडाखा त्यांनाच बसतो. त्यांच्यासाठी दार उघडे असावे. काम गेलेल्या जाणत्या माणसाला तेथे श्रोता म्हणून बोलावण्यापेक्षा व्याख्याता म्हणून बोलवावे. त्याचा अनुभव संस्थेला मिळेल आणि 'सध्या कोठे आहात?' या प्रश्नाचे उत्तरही त्याला मिळेल.

चौथी गोष्ट सभासदांनीच करावयाची आहे. शक्य असेल त्याने आपली वर्गणी आपल्या पगारातून भरावी. कंपनी देत असेल तर घेण्यात दोष नाही, पण ती देईनाशी झाली तरी आपण राहणार, हे मनाशी ठरवून असावे. दुसऱ्याच्या पैशाने मिळालेले सभासदत्व दुसऱ्याच्या मर्जीने जाते.

या व्याख्यानांना येणाऱ्या श्रोत्यांना हे समजावयास कठीण नाही. सार्वजनिक वाचनालये आणि व्याख्यानमाला महाराष्ट्रात दीर्घकाळ टिकल्या त्या मोठ्या देणग्यांवर जितक्या, त्याहून अधिक लहान वर्गण्यांवर. वाईट वर्षी ज्यांनी आपला रुपया बंद केला नाही, त्यांनी त्या तारल्या. अभियंत्यांच्या संस्थेचेही तसेच आहे. आपल्या घरात, शेजारी, नात्यात कारखान्यातून कमी झालेला कोणी अभियंता असेल, तर 'दुसरी नोकरी पाहिलीस का?' हे आपण त्याला विचारतोच. त्याबरोबर 'तुझ्या संस्थेच्या सभेला गेला होतास का?' हेही विचारावे. त्याच्या जाण्यात त्याचे हित आहे, आणि कारखान्याच्या कुंपणाला लागून राहणाऱ्या आपलेही आहे.